लॅपटॉपसाठी लिनक्स कर्नल निवडताना : उत्पादकाचा की जेनेरिक?

नव्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्सवर आधारित प्रणाली बसवल्यावर स्क्रीन उजळते, कीबोर्ड चालतो, इंटरनेटही जोडले जाते. पण स्पीकरमधून आवाज येत नाही, कॅमेरा सापडत नाही, किंवा रात्री झाकण मिटून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी सकाळी जवळजवळ संपलेली असते. नवख्या वापरकर्त्यांना हा अनुभव वारंवार येतो. शोधाशोध केली की एकीकडे ‘ओईएम कर्नल टाका’, म्हणजे लॅपटॉपच्या उत्पादकासाठी बनवलेला कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्राम यांना जोडणारा लिनक्सचा गाभा) बसवा, असा सल्ला मिळतो आणि दुसरीकडे तितक्याच ठामपणे सांगितले जाते की सर्वांसाठी असलेला जेनेरिक कर्नल सोडून दुसरे काही वापरू नये. हे दोन्ही सल्ले काही लॅपटॉपसाठी बरोबर असतात आणि काहींसाठी चुकीचे, कारण दोन्हींत मूळ प्रश्न विचारलेलाच नसतो. आपल्या हातातल्या लॅपटॉपला लागणारा कोड आजच्या जेनेरिक कर्नलमध्ये येऊन पोहोचला आहे की नाही, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर कोणाच्या मतावर अवलंबून नसते. ते आपल्याच लॅपटॉपवर एक-दोन दिवसांत तपासून मिळवता येते. ते कसे मिळवावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. उत्पादकांसाठीचे वेगळे कर्नल उबुंटूमध्ये सर्वांत स्पष्टपणे दिसतात, म्हणून विवेचन मुख्यतः उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना धरून आहे. इतर वितरणांविषयी, म्हणजे लिनक्सवर आधारित इतर प्रणालींविषयी, पुढे थोडक्यात लिहिले आहे.

दोन्ही कर्नल येतात कुठून

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती आज साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी निघते. नव्या प्रोसेसरसाठी, नव्या वाय-फाय चिपसाठी किंवा नव्या ध्वनिप्रणालीसाठी लिहिलेला कोड आधी या मुख्य प्रवाहात दाखल व्हावा लागतो आणि तिथून तो वेगवेगळ्या वितरणांत उतरतो. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती मात्र प्रकाशनाच्या वेळी एक कर्नल निवडते आणि पाच वर्षांच्या नियमित काळात त्यालाच सुरक्षा अपडेट देत राहते. उबुंटू २२.०४ ने ५.१५ हा कर्नल निवडला, जो ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस निघालेला होता. त्यामुळे २०२२ च्या उत्तरार्धात बाजारात आलेल्या लॅपटॉपमधील काही भागांची या कर्नलला ओळखच नसणे स्वाभाविक होते.

ही दरी भरून काढण्याचे उबुंटूमध्ये दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग एचडब्ल्यूई (हार्डवेअर एनेबलमेंट, म्हणजे नव्या हार्डवेअरला आधार देणाऱ्या) कर्नलचा. साधारण दर सहा महिन्यांनी निघणाऱ्या मधल्या आवृत्त्यांतील कर्नल काही काळाने दीर्घकालीन आवृत्तीवरही उपलब्ध करून दिला जातो. तो सर्वांसाठी असतो आणि त्याच्या नावाच्या शेवटीही ‘जेनेरिक’ हाच शब्द असतो. दुसरा मार्ग ओईएम कर्नलचा. लॅपटॉपचा उत्पादक आपले नवे मॉडेल उबुंटूसह विकू इच्छितो तेव्हा त्याला पुढच्या एचडब्ल्यूई कर्नलची वाट पाहत बसणे परवडत नाही. अशा वेळी उबुंटूमागील कॅनॉनिकल ही कंपनी उत्पादकाबरोबर काम करून एक वेगळा कर्नल तयार करते. त्याचा पाया बहुधा नव्या आवृत्तीचा असतो आणि त्यावर विशिष्ट मॉडेलांना लागणाऱ्या दुरुस्त्या चढवलेल्या असतात. यांतील काही दुरुस्त्या मुख्य प्रवाहात स्वीकारल्या गेलेल्या असतात पण उबुंटूपर्यंत आलेल्या नसतात, तर काही अजून मुख्य प्रवाहाच्या परीक्षणातच असतात.

उबुंटू २२.०४ चा इतिहास पाहिला की या दोन मार्गांचे नाते उलगडते. तिथे ओईएम कर्नल आधी ५.१७ चा होता, मग ६.०, ६.१ आणि शेवटी ६.५ असा पुढे गेला. एचडब्ल्यूई कर्नल त्याच काळात ५.१९, ६.२, ६.५ आणि अखेर ६.८ असा सरकला. म्हणजे ओईएम कर्नल थोडा पुढे राहतो आणि जेनेरिक मागून येऊन त्याला गाठतो. एकदा गाठले की ओईएम कर्नलचे काम संपते आणि त्याचे वापरकर्ते नेहमीच्या अपडेटमधूनच एचडब्ल्यूई कर्नलकडे वळवले जातात. ओईएम कर्नल ही कायमस्वरूपी वेगळी शाखा आहे, असा समज अनेकांच्या मनात असतो आणि त्यातूनच बहुतेक चुकीचे निर्णय होतात. तो एका कालावधीपुरता बांधलेला पूल आहे. आपण त्या पुलावर असण्याची गरज आज आहे का, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

पहिली पायरी : सध्या कोणता कर्नल चालू आहे ते पाहावे

टर्मिनल (कमांड टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘यूनेम -आर’ ही कमांड द्यावी. उत्तर ‘६.८.०-४५-जेनेरिक’ अशा स्वरूपाचे आले तर जेनेरिक कर्नल चालू आहे, ‘६.१.०-१०३६-ओईएम’ अशा स्वरूपाचे आले तर ओईएम. मधला आकडा ओईएम कर्नलमध्ये चार अंकी असतो, हीदेखील एक ओळखीची खूण आहे.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. शेवटी ‘जेनेरिक’ दिसले म्हणून तो मूळ कर्नल आहे की एचडब्ल्यूई, हे कळत नाही; त्यासाठी सुरुवातीचा आवृत्ती क्रमांक पाहावा लागतो. उबुंटू २४.०४ वर ६.८ हा मूळ कर्नल आहे, तर फेब्रुवारी २०२५ मधील २४.०४.२ बरोबर ६.११ आणि ऑगस्ट २०२५ मधील २४.०४.३ बरोबर ६.१४ हे एचडब्ल्यूई कर्नल आले. डेस्कटॉपची प्रतिमा (स्थापनेसाठी उतरवून घ्यायची फाइल) वापरून बसवलेले उबुंटू सामान्यतः एचडब्ल्यूईच्या मार्गावरच असते, तर सर्व्हरची स्थापना मूळ कर्नलवर राहते. आपण कोणत्या मार्गावर आहोत याची खात्री करण्यासाठी ‘डीपीकेजी -एल’ या कमांडने बसवलेल्या पॅकेजांची यादी काढून तीत ‘लिनक्स-जेनेरिक’, ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’ किंवा ‘लिनक्स-ओईएम-२४.०४’ यांपैकी कोणते नाव आहे ते शोधावे. ही नावे प्रत्यक्ष कर्नलची नसून त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या मेटापॅकेजची आहेत. पुढच्या काळात आपल्याला कोणता कर्नल मिळत राहील, हे हे मेटापॅकेजच ठरवते. ओईएमच्या नावापुढे कधी ‘बी’, ‘सी’ किंवा ‘डी’ असे अक्षरही असते, २२.०४ वर ‘बी’ म्हणजे ६.०, ‘सी’ म्हणजे ६.१ आणि ‘डी’ म्हणजे ६.५ होता.

दुसरी पायरी : आपला लॅपटॉप प्रमाणित आहे का

प्रमाणित म्हणजे उबुंटूसाठी तपासून मान्य केलेले मॉडेल. हे पाहण्यासाठी ‘उबुंटू-ड्रायव्हर्स लिस्ट-ओईएम’ ही कमांड आहे. ती लॅपटॉपची ओळख तपासते आणि त्या मॉडेलसाठी उत्पादकाच्या प्रकल्पातून तयार झालेले पॅकेज उपलब्ध असल्यास त्याचे नाव दाखवते. ही नावे पाहून नवखा माणूस गोंधळतो, कारण त्यांत कंपनीचे नाव सरळ येत नाही. नावात ‘समरव्हिल’ असेल तर ते डेलसाठी, ‘सटन’ असेल तर लेनोव्होसाठी आणि ‘स्टेला’ असेल तर एचपीसाठी असते.

कमांडने काहीच दाखवले नाही, तर या लॅपटॉपसाठी असे पॅकेज नाही, असे समजून चालावे. ओईएम कर्नल अशा यंत्रावरही बसतो आणि बहुधा चालतोही. मात्र त्यातील दुरुस्त्या ठरावीक मॉडेलांवर तपासलेल्या असतात आणि इतर वापरकर्त्यांनी एचडब्ल्यूई कर्नल वापरावा, असे कॅनॉनिकलचेच सांगणे आहे. माझ्या मते प्रमाणित नसलेल्या लॅपटॉपवर ओईएम कर्नल हा पहिला उपाय असता कामा नये. एचडब्ल्यूई कर्नलने काम होत नाही आणि ओईएमचा आवृत्ती क्रमांक त्याहून वरचा आहे, अशी दोन्ही कारणे एकत्र असतील तरच तो तात्पुरता वापरून पाहावा.

कमांडने नाव दाखवले, तर आणखी एक शक्यता तपासावी. उबुंटू बसवताना इंटरनेट जोडलेले असेल, तर इन्स्टॉलर हे पॅकेज स्वतःहून बसवू शकतो. त्यामुळे आपण काहीही केलेले नसताना ओईएम कर्नलवर असणे शक्य आहे, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

तिसरी पायरी : अडचण खरोखर कर्नलची आहे का

या पायरीवर घाई करू नये, अशी कळकळीची विनंती आहे. कर्नल बदलण्याचे बरेचसे प्रयत्न वाया जातात ते मूळ अडचण कर्नलमध्ये नसते म्हणून.

बोटांच्या ठशांचा सेन्सर ओळखला जात नसेल, तर दोष बहुतेक वेळा एलआयबी-एफप्रिंट या लायब्ररीत त्या सेन्सरला आधार नसल्याचा असतो. स्क्रीनवरील अक्षरे पुसट किंवा अतिलहान दिसत असतील, तर तो डेस्कटॉपच्या स्केलिंगचा विषय आहे. कर्नल कितीही बदलले तरी या दोन्हींत फरक पडणार नाही.

वाय-फाय, ब्लूटूथ आणि ध्वनी यांच्या बाबतीत कर्नलमधला ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) आणि चिपमध्ये चढवायची फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या कोडची) फाइल असे दोन भाग असतात. ड्रायव्हर असून फाइल नसेल, तरी उपकरण निर्जीवच राहते. हे ओळखण्यासाठी ‘जर्नलसीटीएल -के -बी’ ही कमांड देऊन चालू बूटमधील कर्नलचे संदेश वाचावेत. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ हे शब्द असलेली आणि ‘फेल्ड विथ एरर -२’ असे सांगणारी ओळ दिसली, तर कर्नलने ती फाइल शोधली पण त्याला ती सापडली नाही, असा तिचा अर्थ होतो. काही ड्रायव्हर नव्यापासून जुन्यापर्यंत एकामागून एक फाइली शोधतात, त्यामुळे अशी एखादी ओळ असूनही उपकरण चालू शकते; उपकरण चालत नसेल तेव्हाच तिला महत्त्व द्यावे. अशा वेळी आधी ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अद्ययावत करावे. इंटेलच्या नव्या लॅपटॉपवर ध्वनीसाठी ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ हे पॅकेजही लागते.

लॅपटॉपच्या स्वतःच्या फर्मवेअरचाही विचार करावा, म्हणजे ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो त्याचा. झाकण मिटल्यावर न झोपणे, पंखा सतत फिरणे, चार्जिंगची मर्यादा न पाळली जाणे अशा तक्रारींपैकी अनेक उत्पादकाच्या फर्मवेअर अपडेटने सुटतात. डेल, लेनोव्हो आणि एचपी यांच्या अनेक मॉडेलांचे असे अपडेट एलव्हीएफएस या सेवेवर ठेवलेले असतात आणि लिनक्समधूनच एफडब्ल्यूअपडी या साधनाने बसवता येतात. कर्नलच्या चाचण्या करण्यापूर्वी हे अपडेट उरकून घ्यावेत. चाचण्यांच्या मध्येच फर्मवेअर बदलले तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

मग कर्नलच्या कक्षेत नेमके काय उरते? नव्या प्रोसेसरमधील ग्राफिक्स ओळखले न जाणे, नवी वाय-फाय चिप यादीतच न दिसणे, स्पीकरचे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर जागे न होणे, झोपेत बॅटरी उतरणे, आणि इंटेलच्या आयपीयू-६ या प्रतिमाप्रणालीवर चालणारे कॅमेरे. या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण ओईएम कर्नलचे महत्त्व येथे सर्वांत ठळक दिसते. यूएसबीच्या अंतर्गत जोडणीवर चालणारा जुन्या पद्धतीचा कॅमेरा कोणत्याही कर्नलवर चालतो. परंतु अनेक नव्या पातळ लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याचा सेन्सर थेट प्रोसेसरमधील प्रतिमाप्रणालीला जोडलेला असतो आणि तिचे ड्रायव्हर दीर्घकाळ मुख्य प्रवाहाच्या बाहेर होते. अशा प्रमाणित मॉडेलांसाठी ओईएम कर्नलबरोबर वेगळी मॉड्यूल-पॅकेजे (कर्नलला वरून जोडायचे ड्रायव्हर) दिली जातात. तुमच्या लॅपटॉपमध्ये असा कॅमेरा असेल आणि व्हिडिओ बैठका तुमच्या रोजच्या कामाचा भाग असतील, तर हा एकच मुद्दा निर्णय ओईएमच्या बाजूने झुकवण्यास पुरेसा ठरू शकतो.

चौथी पायरी : काहीही न बसवता जेनेरिक कर्नल पाहून घ्यावा

आपल्या दीर्घकालीन आवृत्तीच्या सर्वांत ताज्या उपआवृत्तीची प्रतिमा यूएसबी ड्राइव्हवर चढवून तिच्यातून लॅपटॉप सुरू करावा आणि ‘ट्राय उबुंटू’ हा पर्याय निवडावा. या थेट सत्रात जेनेरिक कर्नल चालतो. आवाज, मायक्रोफोन, वाय-फाय, ब्लूटूथ, कॅमेरा, टचपॅड आणि स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा यांची पाहणी अर्ध्या तासात होते आणि डिस्कवरील कशालाही धक्का लागत नाही. झोपेची आणि बॅटरीची परीक्षा मात्र या सत्रात घेऊ नये. यूएसबीवरून चालणारी प्रणाली झोपेतून नीट उठत नाही असे पुष्कळदा घडते, आणि तो दोष कर्नलच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

पाचवी पायरी : दुसरा कर्नल पहिल्याच्या शेजारी बसवावा

उबुंटूमध्ये एकाहून अधिक कर्नल एकत्र राहू शकतात, आणि नवख्या वापरकर्त्यासाठी याहून मोठा आधार नाही. म्हणून आधीचा कर्नल काढून दुसरा बसवू नये. दोन्ही ठेवून तुलना करावी. ओईएमवर असलेल्यांनी ‘सूडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’ आणि जेनेरिकवर असलेल्या प्रमाणित लॅपटॉपधारकांनी ‘सूडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-ओईएम-२४.०४’ अशी कमांड द्यावी. आवृत्तीचा क्रमांक अर्थातच आपापल्या उबुंटूप्रमाणे बदलावा. लिस्ट-ओईएमने एखाद्या पॅकेजचे नाव दाखवले असेल, तर कर्नल वेगळा निवडण्यापेक्षा तेच पॅकेज बसवणे चांगले, कारण योग्य अक्षराचा ओईएम कर्नल आणि त्या मॉडेलच्या इतर दुरुस्त्या त्यातूनच येतात.

त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. संपूर्ण डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल, तर ‘बूट’ हे वेगळे आणि लहान विभाजन (डिस्कचा राखून ठेवलेला भाग) असते. त्यात दोन-तीन कर्नलांहून अधिक जागा नसण्याची शक्यता असते. ‘डीएफ -एच’ या कमांडने जागा तपासावी आणि गरज पडल्यास ‘सूडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जुने, न लागणारे कर्नल काढावेत. हे विभाजन भरलेले असताना कर्नल बसवला, तर स्थापना अर्धवट राहते आणि ती निस्तरणे नवख्याला जड जाते.

दुसरी गोष्ट एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाची. या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्रपणे बांधलेला असतो. तयार मॉड्यूलांच्या पॅकेजच्या नावातच शेवटी ‘जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’ किंवा ‘ओईएम-२४.०४’ असे येते. जेनेरिकसाठीचे पॅकेज असताना ओईएम कर्नल सुरू केला, तर त्याला एनव्हीडियाचे मॉड्यूल सापडत नाही आणि काळी स्क्रीन किंवा अतिशय संथ डेस्कटॉप समोर येतो. अशा वेळी नवा कर्नलच बिघडलेला आहे असा निष्कर्ष अनेक जण काढतात, पण प्रत्यक्षात त्याच्या जोडीचे पॅकेज बसवायचे राहिलेले असते. ड्रायव्हर डीकेएमएसमार्फत (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल आपल्याच संगणकावर बांधणाऱ्या व्यवस्थेमार्फत) बांधला जात असेल, तर नव्या कर्नलची हेडर-पॅकेजे (त्या बांधणीला लागणाऱ्या फाइली) आहेत ना, हे पाहावे. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनांनाही हाच नियम लागू आहे.

सिक्युअर बूटची, म्हणजे स्वाक्षरित कर्नलच सुरू होऊ देणाऱ्या सुरक्षा सोयीची, काळजी येथे करावी लागत नाही. उबुंटूच्या भांडारातील जेनेरिक आणि ओईएम हे दोन्ही कर्नल कॅनॉनिकलने स्वाक्षरित केलेले असतात, त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवूनच तुलना करता येते.

सहावी पायरी : हवा तोच कर्नल सुरू होतो आहे ना

संगणक सुरू करताना एस्केप कळ दाबली, किंवा जुन्या पद्धतीच्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवली, की ग्रबची, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा हे ठरवणाऱ्या प्रोग्रामची, यादी दिसते. तीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ निवडल्यावर बसवलेले सर्व कर्नल क्रमाने दिसतात. चाचणीच्या काळात प्रत्येक वेळी येथून कर्नल निवडावा आणि आत गेल्यावर ‘यूनेम -आर’ने खात्री करावी.

ही खात्री आवश्यक आहे, कारण ग्रब सामान्यतः सर्वांत वरच्या आवृत्तीचा कर्नल आपोआप निवडतो. ओईएम ६.११ असताना जेनेरिक ६.८ बसवला, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर ओईएमच सुरू होईल आणि आपण जेनेरिकची परीक्षा घेत आहोत असे समजून ओईएमचीच घेत राहू. उत्पादकाच्या पॅकेजमुळे हा क्रम आणखी एका प्रकारे बदलतो. ‘ईटीसी’मधील ‘डीफॉल्ट’ या निर्देशिकेखाली ‘ग्रब.डी’ आहे, तिच्यात ‘ओईएम-फ्लेवर.सीएफजी’ ही फाइल असेल, तर आवृत्ती जुनी असली तरी ओईएम कर्नललाच अग्रक्रम मिळतो. नवा जेनेरिक बसवूनही जुनाच कर्नल का सुरू होतो, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या एका फाइलीत असते.

सातवी पायरी : दोन्हींची समान परीक्षा

एका वेळी एकच कर्नल, आणि प्रत्येकावर तीच कामे, असा नियम ठेवावा. उपकरणांची पाहणी लवकर होते; हेडफोन लावून काढल्यावर आवाज परत स्पीकरकडे जातो का, बाह्य स्क्रीन जोडून काढल्यावर खिडक्या जागेवर येतात का, आणि झोपेतून उठल्यावर वाय-फाय लगेच जोडले जाते का, हे मात्र मुद्दाम तपासावे, कारण दोष अशा बदलांच्या क्षणीच उघडे पडतात.

झोपेची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला वेळ द्यावा लागतो. पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये एस-३ ही खोल झोप असे, जीत स्मृती सोडून जवळजवळ सर्व काही बंद होई. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ती काढून टाकलेली आहे आणि तिच्या जागी एस-टू-आयडल ही पद्धत आहे. या पद्धतीत प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरने आपापला भाग शांत करावा लागतो. एका जरी ड्रायव्हरने ते केले नाही तर प्रोसेसर खोल विश्रांतीत जात नाही आणि बॅटरी जळत राहते. म्हणून झोपेतला फरक हा पुष्कळदा कर्नलमधील एखाद्या छोट्या दुरुस्तीचा फरक असतो, आणि उत्पादक ज्या दुरुस्त्यांसाठी ओईएम कर्नलवर मेहनत घेतात त्यांत या प्रकारच्या दुरुस्त्या असतात. ‘सिस’मधील ‘पॉवर’ या निर्देशिकेतील ‘मेम-स्लीप’ ही फाइल वाचल्यावर आपल्या लॅपटॉपवर कोणत्या पद्धती आहेत आणि चौकटी कंसात कोणती निवडलेली आहे, ते कळते.

परीक्षा अशी घ्यावी : रात्री चार्जर काढून बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवावी, झाकण मिटावे, आणि साधारण आठ तासांनी पुन्हा टक्केवारी पाहावी. दुसऱ्या रात्री दुसऱ्या कर्नलवर हेच करावे. यूएसबीला जोडलेली उपकरणे दोन्ही रात्री काढून ठेवावीत. इंटेलच्या लॅपटॉपवर अधिक नेमका पुरावा हवा असेल, तर ‘सिस-कर्नल-डीबग’ या मार्गाखालील ‘पीएमसी-कोअर’ निर्देशिकेत ‘एसएलपी-एस-झिरो-रेसिडेन्सी-यूसेक’ ही फाइल आहे. ती प्रशासकाच्या अधिकाराने झोपेपूर्वी आणि झोपेनंतर वाचावी. आकडा वाढला नसेल, तर प्रणाली सर्वांत खोल विश्रांतीत एकदाही गेली नाही, हे निश्चित समजावे.

जागेपणीच्या बॅटरीची तुलना अधिक फसवी असते. स्क्रीनचा उजेड, उघडलेली पाने, पार्श्वभूमीला चाललेले अपडेट यांचा परिणाम दोन कर्नलांतील फरकाहून मोठा असू शकतो. म्हणून दोन-चार टक्क्यांच्या फरकावरून निर्णय घेऊ नये.

निर्णय कसा घ्यावा

दोन्ही कर्नलांवर सर्व काही सारखेच चालत असेल, तर जेनेरिक एचडब्ल्यूई निवडावा. याविषयी माझ्या मनात शंका नाही. तो सर्वाधिक लोक वापरतात, त्यामुळे त्यातील दोष लवकर उघडकीस येतात, आणि ओईएमच्या वापरकर्त्यांनाही पुढे तिथेच यायचे असते. जेनेरिकचा आवृत्ती क्रमांक ओईएमच्या बरोबरीला किंवा पुढे गेलेला असेल, तर ही निवड अधिकच भक्कम होते.

लॅपटॉप प्रमाणित आहे, नवा आहे आणि जेनेरिकवर एखादे आवश्यक उपकरण चालत नाही, अशा स्थितीत ओईएमवर निश्चिंतपणे राहावे. त्यालाही सुरक्षा अपडेट मिळतात. उबुंटूसह विकत घेतलेल्या लॅपटॉपवर तर काही कारण नसताना कर्नल बदलूच नये. नवी उपआवृत्ती आली की चौथ्या पायरीतील थेट सत्राची पाहणी मात्र पुन्हा करावी, कारण सहा महिन्यांपूर्वीचे उत्तर आज खरे असेलच असे नाही.

मुख्य प्रवाहातील कर्नलच्या तयार प्रतीही कॅनॉनिकल उपलब्ध करून देते. नवखे वापरकर्ते त्यांच्याकडे ‘सर्वांत नवे’ म्हणून आकर्षित होतात, परंतु त्या केवळ दोष शोधण्यासाठी आहेत. त्यांना उबुंटूचे सुरक्षा अपडेट मिळत नाहीत आणि त्या स्वाक्षरित नसल्यामुळे त्यांच्यासाठी सिक्युअर बूट बंद करावे लागते. रोजच्या कामाचा लॅपटॉप त्यांच्यावर ठेवू नये.

इतर वितरणांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. फेडोरा एकच कर्नल ठेवते आणि तो मुख्य प्रवाहाच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे तिथे उत्पादकाचा वेगळा प्रकार निवडण्याची वेळच येत नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीवर नवे हार्डवेअर चालत नसेल, तर बॅकपोर्ट्समधील (स्थिर आवृत्तीसाठी मागे आणलेल्या नव्या पॅकेजांमधील) कर्नल हा तिथला सरळ मार्ग आहे. सिस्टम७६ आणि टक्सेडोसारखे लिनक्सचेच लॅपटॉप विकणारे उत्पादक स्वतःचे वितरणही देतात, आणि कीबोर्डचे दिवे, पंख्याचा वेग अशा गोष्टींसाठी कर्नलच्या बाहेरील ड्रायव्हरही पुरवतात. अशा लॅपटॉपवर दुसरे वितरण बसवायचे असेल, तर कर्नलपेक्षा हे ड्रायव्हर तिथे मिळतात का, याची चौकशी आधी करावी.

निवड पक्की करताना

निवडलेल्या कर्नलवर एक-दोन आठवडे काम करून झाल्यावरच दुसऱ्याचे मेटापॅकेज काढावे. काढताना संगणक निवडलेल्या कर्नलवरच सुरू झालेला असावा. ओईएमकडून जेनेरिककडे जाताना नुसती कर्नलची प्रतिमा काढून भागत नाही. ‘लिनक्स-ओईएम’ हे मेटापॅकेज राहिले, तर पुढच्या अपडेटमध्ये ओईएम कर्नल पुन्हा येतो. उत्पादकाचे मॉडेलनिहाय पॅकेज काढायचे की नाही, हे मात्र विचारपूर्वक ठरवावे, कारण त्यात कर्नलखेरीज त्या मॉडेलसाठीच्या इतर दुरुस्त्याही असू शकतात. सर्व बदलांनंतर ‘सूडो अपडेट-ग्रब’ चालवावे आणि संगणक पुन्हा सुरू करून, ग्रबच्या यादीला हात न लावता, हवा तोच कर्नल येतो ना ते पाहावे. आधीचा किमान एक चालणारा कर्नल यादीत नेहमी शिल्लक ठेवावा.

चाचणीत एखादे उपकरण ओईएमवर चालले आणि जेनेरिकवर चालले नाही असे आढळले, तर ती माहिती स्वतःपुरती ठेवू नये. जेनेरिक कर्नल सुरू असताना ‘उबुंटू-बग लिनक्स’ ही कमांड दिल्यावर आवश्यक नोंदी गोळा होऊन लाँचपॅडवर, म्हणजे उबुंटूच्या दोषनोंदणीच्या संकेतस्थळावर, तक्रार उघडते. तीत लॅपटॉपचे नेमके मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि दोन्ही कर्नलांचे पूर्ण क्रमांक, म्हणजे ‘यूनेम -आर’चे जसेच्या तसे उत्तर, लिहावे. काय चालते आणि काय चालत नाही, हे एका वाक्यात सांगावे आणि एका तक्रारीत एकच दोष मांडावा. दोन ठरावीक क्रमांकांमधील फरक हातात आला की कर्नलवर काम करणाऱ्यांना कोणती दुरुस्ती जेनेरिकमध्ये आणायची राहिली आहे, हे शोधणे शक्य होते.